सात मिलिमीटरचा खिसा: पू झालेली एक दाढ काढायची की ठेवायची?

"काढूनच टाका डॉक्टर. पू झालाय म्हणजे आतून सडलीच असणार ती."

या बाई ५४ वर्षांच्या, शाळेत गणित शिकवतात. तक्रार उजवीकडच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेची. वीसेक वर्षांपूर्वी तिच्यात चांदी भरलेली. गेले आठ महिने दाढेलगतच्या हिरडीवर एक पुळी यायची. दहा-पंधरा दिवसांनी ती फुगायची, फुटायची, तोंडाला घाण चव यायची आणि मग ती बसायची. दुखत काहीच नव्हतं, म्हणून तर आठ महिने निघून गेले. मधल्या काळात दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. दोन्ही वेळा पुळी नाहीशी झाली आणि गोळ्या संपल्यावर काही दिवसांत परत आली. आधी ज्या डॉक्टरांना दाखवलं होतं त्यांनी एक्स-रे बघून दाढ काढायला सांगितलं होतं.

सोबत आलेल्या मुलीला हे पटत नव्हतं. "हिच्या मागची दाढ सहा वर्षांपूर्वीच काढलीय. आता हीपण गेली तर आई उजवीकडून चावणार कशानं?"

दोघींची बाजू मला समजत होती. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं की पू दिसला की दात गेला, अशी समजूत मला जवळजवळ रोज भेटते. पण काढायचं की ठेवायचं हे पू ठरवत नाही. दाताचा किती भाग शाबूत उरलाय आणि त्याला तडा गेलाय का, या दोन गोष्टी ते ठरवतात. एक्स-रेवर भलीमोठी काळी सावली असलेला दात वाचू शकतो. सावली जेमतेम दिसते असा दात उभा चिरलेला असेल तर तो कुणालाच वाचवता येत नाही. अडचण एवढीच की या दोन प्रश्नांची खरी उत्तरं बाहेरून पूर्ण कळत नाहीत.

पुळीचा माग

आधी तपासणी. दातावर अतिशय गार फवारा मारलेला कापसाचा बोळा टेकवला. पुढच्या उपदाढेवर टेकवताच बाई दचकल्या, समोरच्या बाजूच्या दाढेवरही तसंच झालं. या दाढेवर मात्र काहीच जाणवलं नाही, दोनदा करून बघितलं तरी. म्हणजे आतली नस मेलेली होती. आरशाच्या दांडीने वरून ठोकल्यावर "जरा वेगळं वाटतंय, दुखत नाही" असं उत्तर आलं. दाढ हलत नव्हती.

मग पुळीच्या तोंडातून गटापर्चाची एक बारीक काडी हळूच आत सरकवली आणि एक्स-रे काढला. गटापर्चा म्हणजे रूट कॅनालमध्ये भरतात तोच रबरासारखा पदार्थ. तो एक्स-रेवर पांढरा दिसतो, त्यामुळे पू कोणत्या वाटेने बाहेर येतो ते स्पष्ट दिसतं. हे करताना दुखत नाही आणि वेळही जेमतेम दोन मिनिटं लागतो. पुळी एका दाताजवळ आणि तिचं मूळ दुसऱ्याच दाताशी, असं होतं कधीकधी. तेव्हा ही काडी चुकीचा दात काढला जाण्यापासून वाचवते. इथे ती सरळ याच दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबली.

त्या टोकाभोवती काळी सावली होती. ती वर चढत दोन मुळांच्या फाट्यापर्यंत पोचलेली. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याखेरीज साध्या एक्स-रेवर सावली उठत नाही, म्हणजे प्रत्यक्षातलं नुकसान दिसतं त्याहून थोडं जास्तच धरायचं. आधीच्या डॉक्टरांनी "हाड गेलंय" म्हटलं ते या सावलीकडे बघून. त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं.

प्रश्न होता तो हाड कशामुळे गेलं याचा. दाताच्या आतून जंतू पाझरत असतील तर आतली सफाई झाल्यावर हे हाड परत भरून येतं. दातातला संसर्ग मुळात जंतूंचाच, हे १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवर दाखवून दिलं. दोन्ही गटांतल्या उंदरांच्या दातांची नस त्यांनी उघडी पाडली होती. नेहमीच्या वातावरणातल्या उंदरांची नस सडली. जंतुविरहित जागेत वाढवलेल्या उंदरांचा दात मात्र आतून स्वतःच बरा होऊ लागला. दात आतून निर्जंतुक करून बंद केला तर बाहेरच्या हाडाला बरं व्हायची संधी मिळते, आणि रूट कॅनालचा सगळा डोलारा एवढ्याच गोष्टीवर उभा आहे.

अँटिबायोटिक दोनदा का हरलं तेही इथेच कळतं. गोळीतलं औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, मग औषध जंतूंच्या घरात शिरणार कसं? ते घराबाहेर सांडलेला पसारा आवरतं आणि पुळी काही दिवस बसते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ताप, पसरणारी सूज असं काही नसेल तर अशा दातासाठी अँटिबायोटिक नको, दातावर उपचार करा. तिसरा कोर्स मी लिहून दिला नाही.

विचारल्याशिवाय न सांगितलेली गोळी

चालू औषधांबद्दल विचारल्यावर बाईंनी फक्त मधुमेहाची गोळी सांगितली. तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी ७.४. फार वाईट नाही, पण जखम भरायला थोडा जास्त वेळ लागेल एवढं नक्की.

पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईंना मी आणखी एक प्रश्न विचारतो: "आठवड्यातून एकदाच घ्यायची एखादी गोळी आहे का? उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी?" बाई म्हणाल्या, "हो, ती आहे की. हाडांची. पण ती रोजची नाही म्हणून लक्षात आलं नाही."

अ‍ॅलेंड्रोनेट. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तीन वर्षं चालू होतं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्यामुळे हाडाची रोजची मोडतोड आणि दुरुस्तीही मंदावते. जबड्यात दात काढल्यावर जी खोबण राहते ती याच दुरुस्तीवर भरून येते. क्वचित ती भरत नाही, हाड उघडं पडतं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. २००३ पासून ही गुंतागुंत वैद्यकीय साहित्यात नोंदली जाते आहे. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल तोंडावाटे गोळी घेणाऱ्यांत तिचा धोका खूपच कमी असतो. कर्करोगासाठी याच जातीची औषधं शिरेतून घेणाऱ्यांत तो कितीतरी जास्त. त्यामुळे "ही गोळी चालू आहे, आता दात काढताच येणार नाही" असं मी बाईंना सांगितलं नाही. ते खरंही नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की काढणं म्हणजे सोपा, निर्धोक आणि एका फटक्यात प्रश्न मिटवणारा मार्ग, असं धरून चालू नका. गोळी मनाने बंद करू नका हेही बजावलं. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, आठवडा-दोन आठवडे थांबून जबड्याला फारसा फरक पडत नाही आणि मणक्याचं किंवा खुब्याचं हाड मोडण्याची भीती मात्र मागे उरते.

तो खिसा

इथवर पारडं दाढ राखण्याकडे झुकलेलं होतं. मग हिरडीचं मोजमाप घेतलं.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. खुणा असलेली बोथट सळई, म्हणजे प्रोब, त्या खाचेत घालून दातभोवती फिरवायची. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर जाते. या दाढेभोवती सगळीकडे तीन, तीन, दोन, तीन असे आकडे येत गेले आणि मागच्या बाजूला एका जागी प्रोब एकदम सात मिलिमीटर खाली गेला. लगेच शेजारी, मिलिमीटरभर सरकवल्यावर, पुन्हा तीन.

हिरडीच्या जुनाट आजारात खिसे रुंद असतात, उतार हळूहळू खाली जातो. एकाच जागी असा अरुंद, खोल खिसा म्हणजे दोनांपैकी एक गोष्ट. मुळाला उभा तडा गेला असेल आणि त्या चिरेलगत हाड विरघळलं असेल, तर दाढ गेलीच. किंवा नसेतला पू एका वाटेने पुळीतून आणि दुसऱ्या वाटेने थेट हिरडीच्या कडेने बाहेर पडत असेल. तसं असेल तर दाढ आतून साफ झाल्यावर ही वाट आपोआप बुजते. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

खरं सांगायचं तर माझा पहिला कल तड्याकडे होता. जुनी मोठी चांदी, मागे दाढ नसल्यामुळे सगळा चावण्याचा भार हिच्यावर, आणि खिसा नेमका मागच्या कडेला. दुसऱ्या बाजूने हेही दिसत होतं की मुळाचा उभा तडा बहुतेक वेळा आधी रूट कॅनाल झालेल्या, त्यातही आत खिळा बसवलेल्या दातांत सापडतो. या दाढेला कुणी आतून हात लावलेला नव्हता. सावलीही मुळाच्या टोकाला धरून होती. मुळाच्या अख्ख्या बाजूला वेढून इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली नव्हती.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढला. त्यात सावलीचा विस्तार नीट दिसला आणि मागच्या मुळात दोन नलिका, म्हणजे नस जिथून जाते त्या बारीक वाटा, असाव्यात असंही दिसलं. तडा दिसला नाही. पण केसाएवढी चीर स्कॅनमध्ये न दिसणं हे ती नसल्याचा पुरावा नव्हे. शेजारी चांदी असली की प्रतिमेवर रेघोट्या उठतात आणि नेमकी तीच जागा धूसर होते.

एक गोष्ट मी मुद्दाम केली नाही: त्या खिशात खोलवर जाऊन मुळाची खरवड. आधीच्या सल्ल्यात "काढायची नसेल तर हिरडीची खोल सफाई करून बघा" असंही होतं. खिसा नसेतल्या पुवामुळे झालेला असेल, तर त्या जागी मुळावर हिरडीला आणि हाडाला धरून ठेवणारे धागे अजून जिवंत असू शकतात. खरवडलं तर ते कायमचे जातात आणि बरा होणारा खिसा कायमचा होऊन बसतो. आधी आतून उपचार, मग थांबणं, आणि गरज उरलीच तर सफाई, असा क्रम असतो.

काढली तर काय

बाईंनी मला थेट विचारलं, "तुमच्या आईची असती तर काय केलं असतं?" हा प्रश्न मला आवडतो, पण त्याचं उत्तर मी लगेच देत नाही. आधी दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून दाखवतो.

दाढ काढली तर संसर्ग नक्की जातो. तेवढी गोष्ट निर्विवाद आहे. पण खोबणीभोवतालचं हाड आकसतं. २००३ मधल्या एका बहुचर्चित अभ्यासात मागचे दात काढल्यावर १२ महिन्यांत हाडाची रुंदी जवळपास निम्मी झालेली आढळली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. रिकाम्या जागेसमोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरू लागते. ब्रिज करायला दोन्ही बाजूंना दात लागतात, आणि बाईंच्या मागच्या बाजूला काहीच नव्हतं. उरले दोन पर्याय. एक इम्प्लांट. मधुमेह आणि ती हाडांची गोळी असूनही तो करता आला असता, पण पुन्हा जबड्याच्या हाडावर शस्त्रक्रिया, काही महिन्यांची वाट आणि सगळ्यांत जास्त खर्च. दुसरा काढता-घालता येणारा अर्धा सेट. एकाच बाजूला, मागे आधार नसलेला असा सेट अनेकांच्या बाबतीत शेवटी डबीत पडून राहतो.

दाढ ठेवली तर? २००४ मध्ये सलेहराबी आणि रोटस्टाइन यांनी अमेरिकेतल्या १४,६२,९३६ रूट कॅनाल झालेल्या दातांच्या नोंदी तपासल्या. आठ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडातच होते. हा आकडा सांगताना मी नेहमी दोन गोष्टी जोडतो. पहिली, दात जागेवर असणं आणि मुळाशी हाड पूर्ण बरं होणं ही एकच गोष्ट नव्हे. आधीच सावली असलेल्या दातांत पूर्ण बरं होण्याचं प्रमाण यापेक्षा कमी असतं. दुसरी, जे दात काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर कॅप बसवलेली नव्हती. मोठ्या दाढेचं रूट कॅनाल कॅपशिवाय अर्धवटच राहतं.

हे आकडे मात्र सरासरी दातांचे. सात मिलिमीटरचा खिसा असलेल्या दातांचे नाहीत. बाईंना हे मी सांगितलं, आणि गणित शिकवणाऱ्या असल्यामुळे त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

त्यांची एक भीती अजून बोलली गेली नव्हती. "हा पू रक्तात जाऊन हृदयाला त्रास देईल असं म्हणतात." ही समजूत जुनी आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणात दातांखालच्या पुवाला शरीरभरच्या आजारांचं मूळ ठरवलं, आणि पुढची काही दशकं संधिवातापासून मानसिक आजारापर्यंत कशासाठीही लोकांचे दात सरसकट काढले गेले. दात गेले, आजार तिथेच राहिले. आज आपण जे मानतो ते एवढंच: तोंडातला संसर्ग तसाच ठेवू नये. तो काढून टाकायला दर वेळी दातच काढावा लागतो असं नाही. कृत्रिम झडप बसवलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात दात काढताना किंवा मुळाच्या टोकाजवळ काम करताना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. बाईंना तसा काही त्रास नव्हता.

"मग चार-आठ दिवस विचार केला तर चालेल?" मुलीने विचारलं. चालणार होतं. पुळीतून पू वाहतो आहे तोवर आतला दाब सुटत राहतो. फक्त काही खुणा लिहून दिल्या: पुळी बंद होऊन गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडता न येणं, गिळायला त्रास, जिभेखालचा भाग कडक होऊन वर उचलला जाणं, श्वास अडणं. यातलं काही झालं तर माझी वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, मध्यरात्र असली तरी. खालच्या दाढेतला संसर्ग जिभेखाली पसरला तर श्वासाची वाट काही तासांत बंद होऊ शकते.

आधीच लिहून ठेवलेल्या तीन अटी

शेवटी असं ठरलं की आज "राखायची" असंही ठरवायचं नाही आणि "काढायची" असंही नाही. दाढ उघडून बघायची. पण उघडण्याआधीच कुठे थांबायचं ते लिहून ठेवायचं. यावर मी फार भर देतो. एकदा काम सुरू झालं, वेळ आणि पैसा गेला, की रुग्णालाही आणि डॉक्टरलाही मागे फिरणं जड जातं. मग गेलेल्या दातावरही कॅप चढते आणि सहा महिन्यांत तो काढावा लागतो. तसं होताना मी पाहिलंय, आणि सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातूनही झालंय.

बाईंनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं. एक, तडा दाताच्या आतल्या तळावरून आरपार गेलेला दिसला तर काढायची. दोन, किडका भाग काढल्यावर कॅपला धरायला हिरडीच्या वर सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीचा शाबूत दात उरला नाही तर काढायची. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडी घट्ट बसते तशी कॅप खऱ्या दाताला वेढून बसायला हवी. फक्त भरलेल्या मसाल्यावर बसलेली कॅप टिकत नाही. तीन, आत औषध ठेवून चार आठवड्यांनी खिसा तितकाच राहिला तर काढायची.

प्रत्येक टप्प्यावर थांबलो तर पुढच्या टप्प्याचा खर्च नाही, हेही त्याखाली लिहिलं.

चांदी काढल्यावर

दाढ बधिर केली. मेलेल्या नसेला भूल कशाला, असं वाटेल, पण भोवतालची हिरडी आणि हाड जिवंत असतं आणि रबर डॅमची चिमटी लागते. रबर डॅम म्हणजे दातभोवती ताणून बसवलेला रबराचा पडदा. १८६४ पासून वापरात आहे आणि आजही त्याच्याशिवाय रूट कॅनाल करू नये. थुंकीतले जंतू आत जात असतील तर आतली सफाई कुणासाठी करायची?

चांदी निघाल्यावर तिच्याखाली मागच्या कडेला काळी, मऊ कीड होती. ती पूर्ण काढली. मग मेथिलिन ब्लूचा, म्हणजे चिरेत मुरून ती दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, थेंब टाकून, धुऊन, मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मागच्या भिंतीवर निळी रेघ उमटली.

तडा होता.

मुलगी खुर्चीशेजारच्या पडद्यावर बघत होती. तिने काही विचारलं नाही. मी रेघेच्या मागे-मागे बारीक टोकाने खाली जात राहिलो. ती भिंतीवरून उतरत होती आणि नलिकेच्या तोंडाच्या साधारण मिलिमीटरभर वर संपत होती. तळ कोरा होता. दोनदा रंग टाकला, दोनदा धुतला. तळावर रेघ नव्हती, समोरच्या भिंतीवरही नव्हती.

पहिली अट ओलांडली गेली नव्हती, पण काठावर होती. मी हात थांबवला, खुर्ची सरळ केली आणि बाईंना दाखवलं: हा तडा, इथे संपतो असं दिसतंय. तळाखाली, मुळात, मला न दिसणारी चीर असू शकते. ती असेल तर चार आठवड्यांनी खिसा आपल्याला सांगेल. पुढे जाऊ का? त्यांनी मान हलवली.

शाबूत भिंत मागच्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर मिळाली, बाकी बाजूंना तीनच्या वर. दुसरी अटही निभावली.

नलिका चार निघाल्या. पुढच्या मुळात दोन, मागच्यात दोन, स्कॅनमध्ये दिसल्याप्रमाणे. मागची दुसरी नलिका सुटली असती तर सगळं काम वाया गेलं असतं, कारण पू याच मुळातून येत होता. लांबी इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजली, नलिका रुंद केल्या आणि सोडियम हायपोक्लोराइटने सावकाश, पुन्हा पुन्हा धुतल्या. सुया वाट तयार करतात. जंतू मारायचं आणि मेलेली नस विरघळवायचं काम या पाण्याचं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवली, वरून तात्पुरतं भरलं. वरची टोकं घासून दाढ चावण्यातून थोडी खाली आणली आणि तडा पसरू नये म्हणून भोवती स्टीलचा पट्टा चिकटवला.

चार आठवडे

नवव्या दिवशी फोन आला. पुळी बसली होती. मी म्हणालो, तेवढ्यावर जाऊ नका, अँटिबायोटिकनंही ती बसायची. या वेळी मात्र गोळ्या नव्हत्या.

चार आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा पुळीच्या जागी बारीक खूण उरली होती. मागच्या कडेला प्रोब घातला. चार मिलिमीटर. पुन्हा घातला, जरा तिरका करून, तरी चार. सातचा खिसा तड्याचा असता तर तो भरला नसता, कारण चिरेत जंतूंची वस्ती तशीच राहिली असती. आतून सफाई केल्यावर तो बुजत चाललाय याचा अर्थ तो मुख्यतः नसेतल्या पुवाचा होता. आधीच्या निदानात आणि माझ्या पहिल्या अंदाजात जी शंका होती तिचं उत्तर कोणत्याही स्कॅनने दिलं नाही. ते चार आठवडे थांबून मिळालं.

त्या दिवशी नलिका कायमच्या भरल्या आणि दाढ आतून बांधून काढली. पुढच्या दोन आठवड्यांत कॅप बसली. "आता दुखत नाही, कॅप नंतर बघू" असं बरेच जण म्हणतात. २००२ च्या एका अभ्यासात रूट कॅनाल झालेले पण कॅप नसलेले दात कॅप असलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावलेले आढळले. तडा असलेल्या दाढेत तर मी एक महिनाही जाऊ दिला नसता.

सहा महिन्यांच्या एक्स-रेवर फाट्यातली सावली फिकी झाली होती. वर्षाने तिथे हाडाची जाळी परत दिसू लागली आणि मुळाच्या टोकाशी छोटासा काळा ठिपका उरला. दोन वर्षांनी तोही जवळजवळ गेला. अशा दातावर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं असतं, त्यामुळे या दाढेला मी अजून बरी झाली म्हणत नाही, बरी होते आहे म्हणतो. तडा तिथेच आहे. कॅपने तो आवळून धरलाय, सांधला नाही. रात्री दात खाण्याची सवय बाईंना आहे असं नंतर लक्षात आलं. झोपताना घालायचा गार्ड करून दिलाय, आणि तो वापरला का हे मी दर खेपेला विचारतो.

तळावर ती निळी रेघ दिसली असती तर मी त्याच बैठकीत दाढ काढायचा सल्ला दिला असता, आणि बाईंनी तो ऐकला असता, कारण तो त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. खोबणीच्या कडा गुळगुळीत करून, टाके घालून, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या देऊन, हाड पूर्ण झाकलं जाईपर्यंत दर आठवड्याला बोलावलं असतं. ती वाटही तयार होती.

तो कागद त्यांनी अजून ठेवलाय. त्याच्या मागच्या बाजूला तारखा आणि आकडे मांडलेत. दर तपासणीला मी पहिल्यांदा दाढेच्या मागच्या कडेला प्रोब घालतो आणि त्या पेन काढून थांबतात.

"किती?"

"तीन."

पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.